कर्णबधिर आरोपी आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी : फौजदारी न्यायालयांतील एका उणिवेचा विचार

प्रस्तावना

फौजदारी खटल्यात दोषारोप निश्चित झाल्यावर न्यायाधीश तो आरोपीला वाचून दाखवितात, समजावून सांगतात आणि गुन्हा कबूल आहे काय, असे विचारतात. अभिलेखात याची नोंद एका ठरावीक वाक्याने होते : दोषारोप आरोपीस वाचून व समजावून सांगितला. खटल्याची पुढील सर्व कार्यवाही या वाक्यावर उभी असते. आरोपी जन्मतः कर्णबधिर असेल, तर या वाक्यातील 'वाचून' हा शब्द निरर्थक ठरतो आणि 'समजावून' हा शब्द सर्वस्वी एका तिसऱ्या व्यक्तीवर, म्हणजे सांकेतिक भाषेच्या दुभाष्यावर, अवलंबून राहतो. असा दुभाषी जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांत सहजासहजी मिळत नाही, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवी नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही उणीवच आहे. परंतु दुभाष्यांची संख्या अपुरी आहे, एवढेच नमूद करून थांबण्याचा हेतू नाही. दुभाषी नसतानाही खटले चालतात, शिक्षा होतात. ते कसे घडते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

एका शब्दाविषयी प्रारंभीच खुलासा करणे आवश्यक आहे. 'मूकबधिर' हा शब्द आपल्याकडे न्यायनिर्णयांत आणि शाळांच्या पाट्यांवर रूढ आहे. वस्तुतः बहुतेक कर्णबधिर व्यक्तींच्या वागिंद्रियांत कोणताही दोष नसतो. बोली भाषा कानावर न पडल्यामुळे ती आत्मसात होत नाही, इतकेच. म्हणून येथे 'कर्णबधिर' हाच शब्द वापरला आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यांत उतारवयात ऐकू येणे कमी झालेल्यांचाही समावेश असल्याने हे सर्व सांकेतिक भाषेचे भाषक आहेत असे समजण्याचे कारण नाही. येथे विचार करावयाचा आहे तो बालपणापासून बहिरेपण असलेल्या आणि लेखी मराठीवर किंवा हिंदीवर पुरेसे प्रभुत्व नसलेल्या आरोपीचा.

'समजावून देता येत नाही'

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३१८ मध्ये अशा आरोपीसाठी एक स्वतंत्र तरतूद होती. आरोपी मनोविकल नसूनही त्याला कार्यवाही समजावून देता येत नसेल, तर न्यायालयाला चौकशी किंवा खटला पुढे चालविता येईल. कनिष्ठ न्यायालयात अशा खटल्याची परिणती दोषसिद्धीत झाली, तर परिस्थितीच्या अहवालासह सर्व कागदपत्रे उच्च न्यायालयाकडे पाठवावीत आणि उच्च न्यायालयाने योग्य तो आदेश द्यावा, असा तिचा आशय होता. १८९८ च्या संहितेत हीच तरतूद कलम ३४१ म्हणून होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५७ म्हणून जवळजवळ त्याच शब्दांत कायम आहे.

या तरतुदीची पार्श्वभूमी इंग्लंडच्या विधीत सापडते. १८३६ मधील प्रिचर्ड खटल्यातील आरोपी कर्णबधिर होता. त्या प्रसंगी न्यायाधीश आल्डरसन यांनी ज्युरीपुढे तीन प्रश्न ठेवले : आरोपी हेतुपुरस्सर मौन धरून आहे काय, तो दोषारोपाला उत्तर देऊ शकतो काय, आणि कार्यवाहीचा ओघ समजून आपला योग्य बचाव करण्याइतकी त्याची बुद्धी आहे काय. इंग्लंडमध्ये खटल्याला सामोरे जाण्याच्या क्षमतेची कसोटी आजही या खटल्याच्या नावाने ओळखली जाते. बहिरेपण आणि बुद्धिमांद्य यांची तेथे पडलेली सांगड पुढे दीर्घकाळ सुटली नाही. भारतीय विधिकारांनी निदान एवढे केले की, 'मनोविकल नसलेला, तरीही न समजणारा' असा वेगळा वर्ग मानला. त्यामुळे कर्णबधिर आरोपीची रवानगी मनोरुग्णालयात होण्याचा धोका कमी झाला. तो धोका काल्पनिक नव्हता. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापुढे १९७२ मध्ये आलेल्या जॅक्सन विरुद्ध इंडियाना या प्रकरणातील कर्णबधिर आरोपीवर एकूण नऊ डॉलर किमतीचा ऐवज लुबाडल्याचे दोन आरोप होते. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्याची बौद्धिक वाढही अत्यल्प होती. खटल्यास असमर्थ ठरवून त्याला अनिश्चित काळासाठी संस्थेत डांबण्याचा आदेश झाला होता. असे निव्वळ असमर्थतेच्या कारणावरून अमर्याद काळ डांबणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले.

आपल्या तरतुदीचा दोष निराळा आहे. 'समजावून देता येत नाही' ही कर्मणी शब्दरचना काळजीपूर्वक वाचली पाहिजे. समजावून कोणाला देता येत नाही आणि कोणामुळे? आरोपीला कोणतीच भाषा अवगत नसल्यामुळे, की न्यायालयाने त्याची भाषा जाणणारा माणूस बोलावलाच नाही म्हणून? कायद्याच्या शब्दांत या दोन अवस्थांमध्ये भेद उरत नाही. व्यवस्थेकडे दुभाषी नाही ही व्यवस्थेची त्रुटी असते. कलमाच्या परिभाषेत मात्र ती आरोपीचे लक्षण होऊन बसते. खटला अडत नाही आणि खटला अडत नसल्यामुळे दुभाष्याची निकड न्यायालयीन प्रशासनाला जाणवत नाही. ज्या वस्तूवाचून काम थांबत नाही, तिची मागणी कोणी नोंदवीत नाही.

उच्च न्यायालयाकडे प्रकरण पाठविणे हे संरक्षण आहेच. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते दोषसिद्धीनंतरचे संरक्षण आहे. कच्चा कैदी म्हणून काही वर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटलेल्या व्यक्तीच्या बाबतीत उच्च न्यायालयाकडे काहीच जात नाही. शिवाय जे कागद वर जातात ते ज्या न्यायालयाचा आरोपीशी संवाद झाला नाही त्याच न्यायालयाने तयार केलेले असतात. आरोपीला काय सांगायचे होते ते त्यांत नसते. मग उच्च न्यायालयाने ते कोठून वाचावे?

याच संहितेत दुसरी एक तरतूद आहे आणि ती पुरेशी लक्षात घेतली जात नाही असे वाटते. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्षीपुरावा दिला जात असेल आणि आरोपी जातीने हजर असेल, तर तो पुरावा खुल्या न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितला गेला पाहिजे, असे पूर्वीचे कलम २७९ आणि आताचे कलम ३१४ म्हणते. येथे न्यायालयाच्या इच्छेवर काही सोडलेले नाही. 'भाषा' या शब्दावर आठव्या अनुसूचीची मर्यादाही नाही. भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारनाम्यातील अनुच्छेद २ प्रमाणे भाषा या संज्ञेत सांकेतिक भाषांचा समावेश होतो. तेव्हा कलम ३१४ चे कर्तव्य पार पाडण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाल्यावरच कलम ३५७ कडे वळावे, असा अन्वयार्थ लावणे कठीण नाही. या दिशेने पूर्वीचा एक आधारही आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) या नागपूरहून उद्भवलेल्या प्रकरणात स्थानबद्धाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली गेली होती आणि त्याने हिंदी भाषांतर मागितले असता ते नाकारले गेले होते. त्याला समजणाऱ्या भाषेत कारणे न देणे म्हणजे ती न कळविण्यासारखेच आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. हिंदी जाणणाऱ्याला जे मिळाले, ते सांकेतिक भाषा जाणणाऱ्याला नाकारण्याचे तात्त्विक कारण दिसत नाही.

साक्षीदाराला मिळालेले आणि आरोपीला न मिळालेले

खुणांनी दिलेली साक्ष भारतीय न्यायालयांना अपरिचित नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ११९ ने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला लेखनाने किंवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा दिली होती. मात्र त्या खुणा खुल्या न्यायालयात केल्या पाहिजेत, अशी अट होती. १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अब्दुल्ला प्रकरणात गळा चिरलेल्या स्त्रीने हाताच्या खुणांनी दिलेली उत्तरे मृत्युपूर्व जबानी म्हणून ग्राह्य धरली. तरी या परंपरेत 'खूण' म्हणजे होकार, नकार किंवा बोट दाखविणे एवढाच अर्थ गृहीत होता. खुणांची स्वतःचे व्याकरण असलेली भाषा असू शकते, ही कल्पना तीत नव्हती.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये फौजदारी कायद्यांत दुरुस्ती झाली. कलम ११९ ला परंतुक जोडून, साक्षीदार वाचेने व्यक्त होऊ शकत नसेल तर न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतली पाहिजे व त्या कथनाचे चित्रीकरण झाले पाहिजे, असे ठरविण्यात आले. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ मध्ये ही तरतूद कायम आहे. लैंगिक अपराधांतील दिव्यांग पीडितांची फिर्याद नोंदवितानाही अशीच सोय करण्यात आली. बालकांसाठी २०१२ च्या विशेष कायद्यात ती आधीच होती. या सुधारणा स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. परंतु त्या सर्व साक्षीदाराच्या आणि पीडिताच्या बाजूच्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १२ न्याय मिळविण्याच्या हक्काविषयी आहे; तेही दिव्यांग व्यक्तीने दिलेली साक्ष, युक्तिवाद किंवा मत तिच्या पसंतीच्या भाषेत नोंदविण्याच्या सोयीविषयी बोलते. आरोपीची गरज उलट दिशेची आहे. त्याने काय सांगितले, यापेक्षा इतरांनी त्याच्याविरुद्ध काय सांगितले ते त्याच्यापर्यंत पोहोचणे आधी आवश्यक असते. शपथ अधिनियम, १९६९ मध्येही दुभाष्याच्या शपथेचा उल्लेख येतो तो साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांच्या व त्याने दिलेल्या साक्षीच्या संदर्भात.

राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंग (२०१२) या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या विषयावर वारंवार उद्धृत होतो. मृताच्या कर्णबधिर पत्नीची साक्ष तिच्या वडिलांनी दुभाष्याचे काम करून नोंदली गेली होती आणि वडिलांना दुभाषी म्हणून शपथ दिलेली नव्हती. उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. दुभाषी शक्यतो प्रकरणात हितसंबंध नसलेला असावा, त्याला शपथ दिली जावी आणि केवळ खुणांचा अर्थ न लिहिता प्रत्यक्ष खुणांची नोंद व्हावी, ही त्या निर्णयातील सूत्रे महत्त्वाची आहेत. मात्र साक्षीदाराला लिहिता-वाचता येत असेल तर लेखनाचा मार्ग खुणांपेक्षा अधिक समाधानकारक, हे त्याच निर्णयातील मत जसेच्या तसे स्वीकारणे कठीण वाटते. जन्मतः कर्णबधिर व्यक्तीला लेखी मराठी ही न ऐकलेली, दुसरी भाषा असते. विभक्तिप्रत्यय, क्रियापदांची रूपे आणि 'जर-तर' ची वाक्ये यांत तिची गफलत होणे स्वाभाविक आहे. सही करता येते, नाव-गाव लिहिता येते, यावरून दोषारोपपत्र वाचता येते असे अनुमान काढणे धोक्याचे आहे.

न्यायालयातील भाषांतराचे स्वरूप

भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीचे किंवा हिंदीचे हस्तरूप नव्हे. तीत प्रश्नवाचक आणि नकारार्थी चिन्हे सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतात. भुवया, मान आणि खांदे यांच्या हालचालींना व्याकरणात स्थान असते. कोणी कोणाला काय केले हे हातांपुढील अवकाशात जागा नेमून दाखविले जाते. भाषांतरातील खरी अडचण मात्र शब्दसंग्रहाची नाही, तर दृश्यतेची आहे. 'त्याने मारले' हे मराठी वाक्य कशाने मारले ते सांगत नाही. सांकेतिक भाषेत तेच सांगताना हाताने, काठीने की सुरीने, हे बहुधा चिन्हातच दाखवावे लागते. साक्षीदार केवळ 'मारले' म्हणाला आणि दुभाष्याने सुरीचे चिन्ह केले, तर आरोपीपर्यंत साक्षीत नसलेला तपशील पोहोचतो. आरोपीलाच प्रश्न विचारला जात असेल, तर तो सूचक प्रश्न ठरतो. ब्रिटनमध्ये मेरी ब्रेनन आणि रिचर्ड ब्राउन यांनी न्यायालयांतील कर्णबधिर व्यक्तींविषयी केलेल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या अडचणीची तपशीलवार चर्चा आहे. सर्वसामान्य संभाषणात ही बाब किरकोळ वाटेल. खुनाच्या खटल्यात ती किरकोळ राहत नाही.

दुसरी बाब मान हलविण्याची. समोरच्याकडे लक्ष आहे, बोलणे पाहतो आहे, हे दर्शविण्यासाठी कर्णबधिर व्यक्ती पुष्कळदा मान डोलावते. अनोळखी व अधिकारी व्यक्तीसमोर तर ही सवय अधिकच दिसते. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कबुलीजबाब नोंदविताना आरोपीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : कबुली देण्याचे त्याच्यावर बंधन नाही आणि दिल्यास ती त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. ही दोन्ही वाक्ये नकाराची आणि शक्यतेची आहेत. ती घरगुती खुणांनी सांगता येत नाहीत. त्या वेळी आरोपीने डोलावलेली मान कागदावर संमती म्हणून उतरली, तर ती पुढे कोण आणि कशाच्या आधारे खोडून काढणार? कलम ३५१ खाली आरोपीचा जबाब घेताना त्याच्याविरुद्धची प्रत्येक परिस्थिती त्याच्यापुढे ठेवावयाची असते. तेथेही अभिलेखात उरते ते दुभाष्याचे मराठी वाक्य. खूण उरत नाही. चित्रीकरणाची सक्ती कलम १२५ ने साक्षीदाराच्या कथनाला लावली, आरोपीच्या जबाबाला नाही.

तुटवडा नेमका कशाचा?

दुभाष्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था आपल्याकडे उशिरा उभी राहिली. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकातच निघाली होती. परंतु त्याच सुमारास, १८८० मध्ये, मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला आणि जगभरच्या शाळांत खुणांना मज्जाव होऊ लागला. आपल्या अनेक शाळांतही ओठवाचन व उच्चार यांवरच भर राहिला. खुणा वसतिगृहात चालत, वर्गात नाही. मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व सहकारी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील सांकेतिक भाषेचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. तेथे सांकेतिक भाषेचे शिक्षण सुरू व्हायला २००१ च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. नवी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ चे आहे. त्या केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, तो २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला आणि त्यात विधिविषयक संज्ञाही आल्या. ही प्रगती मोठी आहे. पण पदविका घेऊन बाहेर पडणारा दुभाषी सर्वसाधारण कामासाठी तयार झालेला असतो. उलटतपासणी, जामीन, हितसंबंधांचा संघर्ष या गोष्टी त्याने न्यायालयात उभे राहूनच शिकाव्यात, अशी स्थिती आहे. अमेरिकेने संघीय न्यायालयांसाठी १९७८ मध्येच दुभाष्यांचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यात श्रवणदोष असलेल्यांचा समावेश केला.

२०१३ च्या दुरुस्तीतील 'दुभाषी किंवा विशेष शिक्षक' हा पर्याय म्हणजे तुटवड्याची विधिमंडळाने दिलेली कबुलीच म्हणावी लागेल. व्यवहारात पोलीस ठाण्याचे पत्र जवळच्या कर्णबधिर विद्यालयाकडे जाते आणि एखादे शिक्षक शाळेचा तास सोडून येतात. त्यांच्या सद्‌भावाविषयी आदरच आहे. परंतु शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला सांभाळून घेण्यास सरावलेला असतो. अपुरे उत्तर पूर्ण करणे, चुकीचे दुरुस्त करणे हा त्याच्या व्यवसायाचा धर्म आहे आणि दुभाष्याच्या व्यवसायात तोच दोष आहे. जिल्ह्यात असा एकच जाणकार असेल तर तो तपासाच्या वेळी पोलिसांबरोबर, मग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आणि अखेरीस सत्र न्यायालयात आरोपीच्या शेजारी, असा सर्वत्र उभा राहतो. तपासात झालेली भाषांतराची चूक खटल्यात उघडकीला आणणारा दुसरा डोळाच मग राहत नाही.

संख्येचा हिशेबही वरवर दिसतो तसा नसतो. सांकेतिक भाषेचे तात्काळ भाषांतर थकविणारे असते आणि साधारण २० ते ३० मिनिटांनी दुभाषी बदलावा, असा या व्यवसायाचा संकेत आहे. म्हणजे दिवसभराच्या साक्षीपुराव्याला किमान दोघे लागतात. आरोपी आणि वकील यांच्यातील गोपनीय बोलण्यासाठी आणखी एक वेगळा हवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. तिला वकील मिळतो. त्या वकिलाशी बोलण्याचे साधन मात्र आपोआप मिळत नाही.

आणि सर्वांत अवघड प्रसंग असतो तो शाळेचे तोंड न पाहिलेल्या आरोपीचा. अमेरिकेतील पाहणीनुसार ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. आपल्याकडील खेड्यात अशा मुलाच्या वाट्याला घरात तयार झालेल्या थोड्या खुणाच येतात, आणि त्या घराबाहेर कोणाला कळत नाहीत. दिल्लीत प्रशिक्षित झालेला उत्तम दुभाषीही त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतो. अन्य देशांत अशा वेळी दोघांची जोडी वापरतात : एक ऐकू येणारा दुभाषी आणि त्याच्या जोडीला स्वतः कर्णबधिर असलेला दुभाषी, जो अनुभवाने, अभिनयाने, चित्रांनी आरोपीपर्यंत पोहोचतो. आपल्याकडेही सांकेतिक भाषेच्या अध्यापनाची पदविका घेतलेल्या कर्णबधिर व्यक्ती आहेत. न्यायालयाने त्यांचा या कामी विचार करावा. कलम ३५७ चा खरा प्रांत कोणता, हे अशा जोडीच्या प्रयत्नानंतरच ठरू शकेल. त्याआधी 'समजावून देता येत नाही' हा शेरा घाईचा होय.

पोलीस ठाण्यापासून

न्यायालयात दुभाषी आला तरी तोपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते. अटकेची कारणे अटक झालेल्याला कळविणे हे संविधानाच्या अनुच्छेद २२ (१) नुसार आवश्यक आहे. विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य (२०२५) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, परिणामकारकपणे कळविली गेली पाहिजेत आणि तसे न झाल्यास अटकच अवैध ठरते, असे स्पष्ट केले. निरक्षर कर्णबधिर व्यक्तीच्या हातात कारणांचा कागद देऊन ही अट पूर्ण होते काय, हा प्रश्न आज ना उद्या न्यायालयापुढे यावा.

दूरस्थ दुभाष्याची सोय हा त्यातल्या त्यात लवकर अमलात येण्याजोगा उपाय दिसतो. नव्या संहितेच्या कलम ५३० ने कार्यवाही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालविण्यास परवानगी दिली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने दूरचित्रप्रणालीवरून कामकाजात भाग घेतला, तेव्हा हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे हे दिसून आले. मात्र तेथे दुभाष्याची भाषा उत्तम जाणणारी, सुशिक्षित वकील होती. तुरुंगातील पडद्यापुढे उभ्या केलेल्या आरोपीच्या बाबतीत कमरेपासून वरचे शरीर आणि दोन्ही हात स्पष्ट दिसतील अशी चौकट, न थांबणारे चित्र आणि त्याच वेळी वकिलाशी वेगळे बोलण्याची सोय, एवढे तरी पाहावे लागेल. बेड्या घातलेल्या हातांनी कर्णबधिर माणूस बोलू शकत नाही, ही साधी गोष्टही सांगावी लागते.

विधी महाविद्यालये आणि भाषाविभाग यांनी एकत्र येऊन न्यायालयीन भाषांतराचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करणे अशक्य नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख असल्याने त्याला धोरणाचाही आधार आहे. दरम्यान, खर्चाविना करता येण्यासारखी एक सुधारणा नोंदीची आहे. आरोपीशी संवाद कोणत्या भाषेत झाला, दुभाषी कोण होता, त्याला शपथ दिली होती काय आणि तोच तपासाच्या वेळी पोलिसांबरोबर होता काय, एवढे चार तपशील अटकेच्या आणि दोषारोपाच्या नोंदीखाली लिहिले जावेत. म्हणजे कलम ३५७ खाली उच्च न्यायालयाकडे जाणाऱ्या अहवालात, आरोपीला समजावून देण्यासाठी काय केले गेले, याविषयी दोन ओळी तरी असतील.